दिसत नसताना घरामागे लाकडी डेक कसा बांधावा

पहिला डेक, म्हणजे जमिनीपासून उचललेला लाकडी ओटा, ६ फूट बाय ८ फुटांचाच करा. हा आकार फार देखणा आहे अशातला भाग नाही. पण ६ आणि ८ च्या चौकोनाचा कर्ण बरोबर १० फूट भरतो, आणि ज्याला काटकोन डोळ्यांनी पाहता येत नाही त्याच्यासाठी हा आकडा फार कामाचा आहे. १० फुटांवर गाठ मारलेली दोरी हातात असली की कोपरे गुण्यात (काटकोनात) आहेत की नाहीत हे कुणालाही न विचारता कळतं.

ज्यांना अजिबात दिसत नाही किंवा अगदी थोडं दिसतं, आणि ज्यांनी घरातली बारीकसारीक कामं करून पाहिली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दाराला कडी बसवणं, नळाचा वॉशर बदलणं, भिंतीत प्लग ठोकणं एवढं जमत असेल तर पुरे. ड्रिल अजून हातातच धरलेलं नसेल तर आधी एक साधा पाट करा, मग इकडे या. मला स्वतःला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही, त्यामुळे खाली जे आहे ते बोटांनी आणि कानांनी करण्याजोगंच आहे.

गोव्यातल्या घराला पुढच्या दारी बाल्कांव (ओसरी) आणि सोपो (तिथला बसायचा कट्टा) असतोच, त्याला हात लावायचं कारण नाही. डेक मागच्या दारी, स्वयंपाकघराबाहेर करावा. सोलं (आमसुलं) वाळत घालायला, नारळ सोलायला, संध्याकाळी पाय सोडून बसायला.

आधी परवानगी आणि पंचांग

घर पंचायतीच्या हद्दीत असेल तर पंचायतीत, शहरात असेल तर पालिकेत तोंडी का होईना विचारून घ्या. समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ असाल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे, नियम लागतात, तिथे तोंडी होकारावर विसंबू नका. आवारातलं झाड पाडून लाकूड काढायचा बेत असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. झाड आपलं, जमीन आपली, तरीही लागते.

काम नोव्हेंबरात सुरू करा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो आणि चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर ओतून जातो, तेव्हा तेल लावून सगळं संपलेलं हवं. मे महिन्यात पाया खणायला घेणाऱ्यांची अर्धवट राहिलेली कामं प्रत्येक वाड्यावर सापडतील.

माप वाचायचं नाही, करून ठेवायचं

नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, बोलणारा टेप कुठे मिळतो? मिळतो, पण त्यावर पैसे घालायची घाई करू नका. बोलणारा टेप आकडा सांगतो. तो आकडा लाकडावर नेऊन ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं, आणि चूक तिथेच होते. त्यापेक्षा क्लिक रूल चांगला. आटे पाडलेली सळई आणि तिच्यावर सरकणारं नट असं ते साधन आहे. टकटक आवाज मोजत १/१६ इंचापर्यंत, म्हणजे आपल्या सुताराच्या हिशेबाने अर्ध्या सुतापर्यंत, माप धरता येतं. पण या डेकसाठी तोही नसला तरी अडत नाही.

अडतं ते मापकाठीवाचून. ८ फूट लांबीची सरळ रीप घ्या. एका टोकापासून ६ इंच, ४ फूट आणि साडेसात फूट अशा तीन जागी करवतीने उथळ खाचा पाडा. दुसऱ्या, ६ फुटी रीपेवर १ फूट आणि ५ फुटांवर खाचा पाडा. सगळ्या कामातलं आकड्यांनी मोजायचं काम जवळजवळ एवढ्यावर संपतं, तेव्हा या दोन काठ्यांवर खाचा पाडताना डोळस माणसाकडून एकदा तपासून घ्यायला लाजू नका. खाच पाडलेलं टोक कुठलं हे ओळखण्यासाठी तिथे दोन वेढे सुतळी बांधा. यापुढे काठी टेकवायची, खाचेत नख घालायचं आणि तिथेच टोच्याने खूण करायची.

पेन्सिल विसरा. लाकडावर रेघ धारदार चाकूने ओढायची, ती नखाला लागते, आणि करवतीचे दातही त्या रेघेत आपोआप बसतात. पेन्सिलीपेक्षा चाकूची रेघ बारीकही असते, म्हणून चांगले सुतार डोळे असूनही चाकूच वापरतात.

लाकूड

साग परवडत असेल तर प्रश्नच नाही. फणसही चांगला, पण दोन्ही नारेचे हवेत, म्हणजे आतल्या पक्क्या गाभ्याचे. बाहेरचं कोवळं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, वाळवी ते आधी खाते. सांगाड्याला माट किंवा किंदळ चालतं. माट म्हणजे आपल्या गोव्यात राज्यवृक्ष मानलेलं झाड, जड आणि कणखर. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतील. त्या खोक्यांसाठी ठीक, उघड्या पावसात दोन वर्षंही धड राहायच्या नाहीत.

सॉ मिलमध्ये स्वतः जा. हाताने फळी उचला, दुसरी उचला. एकाच मापाच्या फळ्यांत जी जड आणि गालाला गार लागते ती ओली आहे. बोटाच्या पेराने वाजवा, सुकलेली खणखणते, ओली बद्द बोलते. खात्री हवी असेल तर हातभर तुकडा घरी आणून स्वयंपाकघरातल्या बोलणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड इथल्या हवेशी जुळलं. फळी डोळ्यासमोर धरून वाक पाहतात तसं आपण ताणलेल्या दोरीवर तपासायचं: फळीच्या दोन टोकांना दोरी धरली आणि मध्ये बोट शिरलं, तर फळी वाकडी.

मिलवाल्याला ही यादी द्या. ८ फुटी, ४ बाय ४ इंचांच्या २ तुळया. ६ फुटी, दीड बाय ४ इंचांचे ७ वासे. ८ फुटी १२ फळ्या, रंधून तयार झाल्यावर पावणेसहा इंच रुंद आणि १ इंच जाड. कडेसाठी आणि पायऱ्यांसाठी जादा तीन फळ्या. लांबी तिथेच अचूक कापून मागा. काही मंडळींना हे कमीपणाचं वाटतं, प्रत्येक काप स्वतःच मारायचा हट्ट असतो. मला तरी त्यात काही शौर्य दिसत नाही. मिलची मोठी करवत एका दमात जे सरळ कापते ते घरी अर्धा दिवस घेतं.

डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या, तयार फळ्याही मिळतात. कुसळं नाहीत, मापं एकसारखी, वाळवी नाही. पण एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा, मग ठरवा.

स्क्रू घेताना खिशात लोहचुंबक न्या. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरत नाही. जोरात चिकटला तर तो नुसता मुलामा दिलेला किंवा हलक्या प्रतीचा आहे. डिचोली, सत्तरी, फोंड्याकडे ३०४ पुरे. मोरजी, कळंगुट, बाणावली अशा समुद्राच्या वाऱ्यावरच्या जागी ३१६ घ्या, महाग पडतात तरीही. अडीच इंची स्क्रू १६८ लागतील: १२ फळ्या, प्रत्येकी ७ वासे, प्रत्येक ठिकाणी २. दोनशे घ्या.

हत्यारं आणि माणसं

दिसत नसलेल्या माणसाला करवतीपेक्षा पसाऱ्याचा धोका जास्त. एका फळीवर खिळे मारून प्रत्येक हत्याराची जागा ठरवा, फळी कामाच्या डाव्या हाताला ठेवा आणि हत्यार वापरून झालं की तिथेच जाईल. पटाशी, टोचा, चाकू यांची धार नेहमी आपल्यापासून लांब. खाली काही पडलं तर तळहाताने चाचपायचं नाही. आधी पाय स्थिर, मग हाताची पाठ जमिनीलगत हळू फिरवायची. स्क्रू पडले तर दोरीला बांधलेल्या चुंबकावर भरवसा ठेवू नका, चांगले स्टेनलेस त्याला चिकटणारच नाहीत. म्हणून खाली ताडपत्री अंथरून काम करा.

ड्रिल बॅटरीवरचंच घ्या, वायर पायात येत नाही. एखादं वायरचं यंत्र वापरायचंच झालं तर बोर्डाला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा आणि वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा.

आता माणसं. घरात येणारा प्रत्येक जण मदत करायला टपलेला असतो आणि त्यातला अर्धा वेळ वस्तू हलवण्यात जातो. दोन नियम आधीच सांगून ठेवा: जवळ यायच्या आधी लांबूनच बोलायचं, आणि विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही. गावातला जुना मेस्त, म्हणजे सुतार, कुंपणापाशी उभा राहून म्हणेलच, ‘अरे बाबू, तू बस, मी करतो.’ त्याला घालवून देऊ नका. त्याला चहा द्या आणि लाकडाचं विचारा. माट कुठल्या बाजूने फाटतो, नार कुठे संपते, हे त्याच्या बोटांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठे लिहिलेलं मिळत नाही.

आखणी

घराच्या भिंतीपासून दोन बोटं जागा सोडून डेकची आतली कड येईल. डेक भिंतीला जोडायचा नाही. चिऱ्याची भिंत पाणी पिते, तिच्यात मारलेला बोल्ट सैल पडतो आणि लाकडाची कड कायम ओली राहते. आपला डेक स्वतःच्या सहा पायांवर उभा राहील.

८ फुटी काठी भिंतीशी समांतर ठेवून दोन टोकांना खुंट ठोका. तिथून ६ फुटी काठीने बाहेरचे दोन खुंट अंदाजे ठोका. आता १० फुटांची दोरी काढा. एक टोक आतल्या डाव्या खुंटाला, गाठ बाहेरच्या उजव्या खुंटाशी यायला हवी. उलट बाजूनेही तसंच. एका बाजूला गाठ खुंटाच्या पुढे गेली आणि दुसऱ्या बाजूला मागे राहिली, तर बाहेरचे दोन्ही खुंट एकाच दिशेने सरकवा, ६ फुटांचं अंतर न मोडता. दोन्ही कर्ण गाठीशी आले की चौकट गुण्यात आली. खुंटांना नायलॉनची दोरी ताणून बांधा. दोरीला बोट लावायचं ते नुसतं टेकवायचं, दाबलं की ती सरकते आणि तिच्याबरोबर माप.

खणायच्या आधी त्या जागेखालून पाण्याची लाईन, केबल किंवा सोकपिट जात नाही ना, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा.

पाया

दोन्ही काठ्यांच्या खाचांवरून सहा खड्ड्यांच्या जागा मिळतात: भिंतीकडच्या कडेपासून १ फुटावर तीन, ५ फुटांवर तीन. चारांवर भागेल असं कुणी सांगेल. चवथीला आरती झाल्यावर प्रसाद घेऊन सगळं गोत मागच्या दारी एकाच वेळी उभं राहतं, तेव्हा ४८ चौरस फुटांवर हजार किलो सहज होतात. सहाच करा.

खड्डा सव्वा फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल. इथे थंडीने जमीन गोठत वगैरे नाही, त्यामुळे फार खोल जायची गरज नसते. गरज असते ती कठीण थराला टेकण्याची. पहार सोडून ऐका. भुसभुशीत मातीत ती ‘भस्’ करून जाते, खालचा चिऱ्याचा थर लागला की आवाज टणक होतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. दीड फुटांवरही आवाज मऊच असेल, विशेषतः भराव टाकलेल्या किंवा शेताच्या जागेत, तर गवंड्याला बोलवा आणि आणखी खाली जा.

खांबांसाठी साचा म्हणून १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचे सारख्या लांबीचे सहा तुकडे घ्या, सव्वा फुटाचे. तेलाचे डबे कापून वापरायचा सल्ला मिळेल. फुकटात होतं, पण कापलेल्या पत्र्याची कड आणि चाचपणारी बोटं यांचं जमत नाही.

सगळ्या कामात कौशल्य लागतं ते इथे, म्हणून सावकाश वाचा. खांबांचे माथे एका पातळीत यायला हवेत. त्यासाठी आधी वरची दोरी पातळीत आणायची. डोळस गवंडी पारदर्शक नळीतल्या पाण्याची रेघ बघतो. आपण तीच नळी काठोकाठ भरायची. एका खुंटापाशी तुम्ही, दुसऱ्यापाशी सोबतचा, दोघांनी तोंडावर अंगठा दाबून नळी उभी धरायची आणि मग अंगठे काढायचे. ज्याच्या हातावरून पाणी सांडलं त्याची बाजू खाली आहे. त्याने नळी किंचित वर घ्यायची, कमी झालेलं पाणी पुन्हा भरायचं. दोघांच्याही बोटाला पाणी अगदी काठाशी लागतं आणि कुठूनच सांडत नाही, तेव्हा दोन्ही तोंडं एका पातळीत. त्या उंचीवर दोन्ही खुंटांना खाच पाडा आणि दोरी खाचेत बसवा. भिंतीकडची दोरी जमिनीपासून ९ इंचांवर धरा. बाहेरची दोरी तिच्यापेक्षा अर्धा इंच खाली. फुटाला एक सूत असा हा उतार, दोन ओळींत ४ फूट अंतर म्हणून चार सूत, म्हणजेच अर्धा इंच. पाणी घराकडे न येता बाहेर जावं यासाठी.

काँक्रीट एकास दोन, दोनास चार: एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. घमेली भरताना एकेक खडा बाजूला ठेवत मोजा, मनातल्या मनात मोजलेलं कुणीतरी हाक मारली की विसरतं. सिमेंट कातडी खातं, रबरी हातमोजे घाला. मूठभर कालवण दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून पाणी निथळलं नाही तर जमलं. दोन ते तीन गोण्या सिमेंट पुरतं. खड्ड्यात फूटभर काँक्रीट ओतायचं, त्यात पाईप उभा रोवायचा आणि माथा दोरीला हलकेच लागेपर्यंत दाबत न्यायचा. सगळे पाईप सारखे, दोरी पातळीत, म्हणून माथेही आपसूक पातळीत येतात. पाईप उभा आहे की नाही ते ओळंबा सोडून दोन बाजूंनी बोटांनी तपासा. मग पाईप भरा आणि मधोमध १० मिलिमीटरचा आटे असलेला बोल्ट रोवा, पाच इंच वर राहील असा. तो सरळ उभा राहावा म्हणून भोक पाडलेला ठोकळा वरून घालून ठेवा.

किमान ७ दिवस रोज पाणी मारायचं. डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात दिवसातून दोनदा. मातीपासून लाकडापर्यंत ही ९ इंचांची मोकळी जागा हवीच, का ते वाळवीच्या वेळी सांगतो.

सांगाडा

तुळईला भोकं कुठे पाडायची, हे मोजायचं नाही. तुळई बोल्टांवर जिथे बसायची तिथे ठेवा, मोगरीने वरून प्रत्येक बोल्टाच्या जागी एकेक ठोका द्या, तुळई उलटी करा. तीन खळगे बोटाला लागतील. तिथे भोकं. खांब आणि तुळई यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घाला म्हणजे काँक्रीटची ओल लाकडात चढत नाही.

पातळी पुन्हा तपासा. अॅल्युमिनियमच्या चार फुटी चॅनलमध्ये गोटी सोडा आणि ऐका. चॅनल तुळईवर लांबीने ठेवला तर गोटी जागच्या जागी राहायला हवी. दोन तुळयांवर आडवा ठेवताना बाहेरच्या टोकाखाली अर्ध्या इंचाचा ठोकळा सरकवा. गोटी थांबली तर उतार नेमका साधला. आयफोन असेल तर त्यातली लेव्हल व्हॉइसओव्हरवर अंश बोलून दाखवते, तीही चालते. गोटीची बॅटरी मात्र संपत नाही.

सात वासे तुळयांवर आडवे बसतात. त्यांच्यामधलं अंतर धरायला १४ इंच २ सुतांचे दोन ठोकळे कापा. पहिला वासा तुळईच्या टोकाशी सपाट, मग दोन्ही तुळयांवर एकेक ठोकळा, मग दुसरा वासा, ठोकळ्यांना घट्ट भिडवून. असं करत सातवा वासा दुसऱ्या टोकाशी बरोबर सपाट येतो. नाहीच आला तर ठोकळे कानसीने किंचित घासा. प्रत्येक सांध्याला स्टेनलेसचा अँगल. सगळे वासे बसल्यावर कर्णाची दोरी पुन्हा एकदा दोन्हीकडून लावून बघा, आणि त्यानंतरच अँगलचे स्क्रू शेवटपर्यंत आवळा.

कापण्याबद्दल

मिलमधून सगळं मापात आलं तरी पायऱ्या आणि कडेसाठी काही काप मारावेच लागतात. नव्या माणसाने हाताची करवत आणि लाकडी साचा वापरावा, ज्याच्या फटीतून करवत इकडेतिकडे जाऊच शकत नाही. मायटर सॉ, म्हणजे पातं वरून खाली आणून कापणारी यांत्रिक करवत, वापरणारे अंध कारागीर आहेत आणि ते सुरक्षितपणे वापरतात, कारण ते हाताने लाकूड धरतच नाहीत, क्लॅम्पने धरतात. तुम्हाला तिकडे वळायचं असेल तर हा क्रम मोडू नका: बॅटरी काढलेली, पातं खाली आणून त्याचा दात चाकूच्या रेघेत बसवलेला, लाकूड क्लॅम्पमध्ये घट्ट, पातं वर, बॅटरी आत, डावा हात पाठीमागे कमरेवर, मग कळ. एकसारखे तुकडे हवे असतील तर टेबलाला ठोकळा क्लॅम्प करून लाकडाचं टोक त्याला भिडवा. दहावा तुकडाही पहिल्याइतकाच भरेल.

कळ सोडल्यावर पातं थांबलं का, हे मुठीतली थरथर पूर्ण विरल्यावर ठरवायचं. कानात बोळे घालायचेच. आवाज ऐकू यायला हवा म्हणून अनेक जण ते टाळतात, पण या यंत्रांचा आवाज कान खराब करतो, आणि आपल्याला कान गमावून चालणार नाही. चष्माही घालायचा. दिसत नसलेल्या डोळ्यात उडालेली ढलपी दिसणाऱ्या डोळ्याइतकीच दुखते. हातमोजे मात्र फिरत्या यंत्रापाशी कधीही नकोत, ते पात्यात ओढले जातात.

फळ्या

पहिली फळी भिंतीकडच्या बाजूची. सगळ्या फळ्यांची टोकं एका रेषेत यावीत म्हणून डाव्या बाजूच्या वाशाला बाहेरून एक उभी पट्टी तात्पुरती क्लॅम्प करा. प्रत्येक फळी तिला नेऊन भिडवायची. दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे घाला. ही फट पावसाला लागते आणि पांढऱ्या काठीचं टोक त्यात अडकत नाही. एप्रिलमध्ये लावलेली सुकी फळी जुलैत फुगते, म्हणून फट याहून कमी करू नका.

माटाच्या किंवा सागाच्या फळीत आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर फळी फाटेल किंवा स्क्रू तुटेल. ही भोकं वाशाच्या बरोबर मध्यावर यावीत म्हणून एक साचा करा. ठोकळ्याला दीड इंचाची खाच पाडा, उघड्या वाशावर घोड्यासारखी बसेल अशी. त्यातून निघालेली पट्टी फळीवर येईल, आणि पट्टीत दोन भोकं, फळीच्या दोन्ही कडांपासून पाऊण इंच आत. साचा वाशावर बसवा, पट्टीतून ड्रिल घाला, संपलं. शेवटच्या फळीला पुढे उघडा वासा उरत नाही. तिथे आधीच्या फळीवरच्या स्क्रूंच्या रांगेला काठी लावून पुढे न्या.

ड्रिलचा क्लच कमी आकड्यावर ठेवून वाढवत न्या, डोकं फळीच्या पृष्ठभागाशी सपाट आलं की तो कडकड करून सुटायला हवा. खोल गेलेल्या स्क्रूच्या वाटीत पाणी साचतं. दर तीन फळ्यांनी दोन्ही टोकांकडून भिंतीकडच्या कडेपर्यंतचं अंतर एकाच काठीने तपासा. तिरकेपणा तिसऱ्या फळीला एक सूत असतो, बाराव्या फळीला अर्धा इंच होतो.

सगळ्या झाल्या की कडा रंध्याने मारून गोल करा. मग जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सबंध डेकवर फिरवा. जिथे कुसळ आहे तिथे तो अडकतो. हे काम तळहाताने करणाऱ्यांना एका दुपारीच मोज्याचं महत्त्व कळतं.

कड आणि पायऱ्या

डेकच्या तिन्ही मोकळ्या बाजूंना दोन इंच उंच पट्टी लावा, फळ्यांपासून बोटभर वर उचलून, म्हणजे पाणी आणि पाचोळा खालून निघून जाईल. काठीला आणि पायाला कड कळते. उतरायच्या जागी पट्टी नको, तिथे फळीवर पटाशीने आडव्या खाचा पाडा, अनवाणी पायाला कळतील अशा.

डेकचा माथा जमिनीपासून साधारण १८ इंचांवर येतो: ९ खांब, ४ तुळई, ४ वासा, १ फळी. म्हणजे ६ इंचांच्या तीन उतरणी, मध्ये दोन पायऱ्या. घराचं जोतं दोन फुटांचं असेल तर दारातून डेकवर उतरणंही ६ इंचांचंच होतं. चारही उतरणी सारख्या असणं हे कुठल्याही कठड्यापेक्षा मोलाचं आहे. एक पायरी सुतभर कमीजास्त चालेल, इंचभर नाही. पायरीची रुंदी ११ इंच तरी ठेवा. थोडं दिसणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला गडद किंवा फिकट रंगाची पट्टी उपयोगी पडते.

तेल

गोव्यात जुनी माणसं काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावत आली आहेत. वाळवीला ते आवडत नाही हे खरं, पण ते कातडीही भाजून काढतं. ज्याला ओलं-सुकं बोटाने बघायचं आहे त्याने ते डेकच्या वरच्या बाजूला वापरूच नये. बाजारात मिळणारं बाहेरच्या लाकडाचं तेल घ्या. भिंतीकडून सुरुवात करून बाहेर या, एका वेळी एकच फळी पूर्ण, आणि झालेल्या फळीच्या टोकावर एक खडा ठेवत जा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापून स्वतःहून पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पहिल्या पावसानंतर

ऑक्टोबरात प्रत्येक स्क्रूवरून बोट फिरवा. जे वर आले असतील ते आवळा, ज्या फटी बुजल्या असतील त्या पातळ पट्टीने मोकळ्या करा. दर महिन्याला सहाही खांब चारही बाजूंनी चाचपा. वाळवी मातीतून वर येताना खांबावर पेन्सिलीएवढी मातीची नळी बांधते, ती बोटाखाली पिठासारखी चुरते. ९ इंच मोकळी जागा ठेवली ती याचसाठी. लाकूड जमिनीला टेकलेलं असतं तर ही नळी हाताला कधी लागलीच नसती. नळी मोडून टाका, आणि आठवड्यात परत आली तर वाळवीचं औषध मारणाऱ्याला बोलवा.

खांब चाचपण्याआधी मात्र डेकखाली काठी घालून चांगली खडखडवा आणि थोडं थांबा. पावसानंतर तिथे बेडूक असतात, आणि बेडकांच्या मागून येणारेही.